‘असे कोण म्हणाले?’ : नामवाक्याच्या धड्याविषयी

काही वर्षांपूर्वी भीमाकाठच्या एका गावातून एक पालक शाळेत आले. मुलीला भेटण्याचा दिवस होता; पण पिशवीतून त्यांनी खाऊच्या आधी एक कागद बाहेर काढला. महार वतनाच्या जमिनीसंबंधीचा तो तीन पानांचा आदेश होता. १९५८ च्या कायद्याने ही वतने रद्द झाली, तरी त्या जमिनींचे कागद आपल्या भागात अजून घरोघर फिरत असतात. ‘जय भीम सर, आपण हरलो,’ एवढेच ते म्हणाले आणि दुसऱ्या पानावरच्या एका ओळीवर त्यांनी बोट ठेवले. ओळ अशी होती : ‘सामनेवाले यांचे म्हणणे असे की, अर्जदाराचा सदर मिळकतीशी कोणताही संबंध नाही.’

आम्ही तिसरे पान उलटले. तेथे शेवटी लिहिले होते : ‘सबब अर्ज मंजूर करण्यात येत आहे.’

ते हरले नव्हते, जिंकले होते. कागद हाती पडल्यापासून आठ दिवस त्या घरात कोणी नीट जेवले नव्हते. हे गृहस्थ निरक्षर नव्हते. सातवीपर्यंत शिकलेले होते आणि ओळन् ओळ त्यांनी वाचली होती. ‘अर्जदाराचा’ पासून ‘नाही’ पर्यंतचे शब्द त्यांच्या मनात रुतून बसले, आणि त्याआधीचे ‘सामनेवाले यांचे म्हणणे असे की’ हे शब्द गळून पडले. समोरच्या पक्षाचे म्हणणे त्यांनी अधिकाऱ्याचा निर्णय म्हणून वाचले.

त्या वाक्याला शालेय व्याकरणात मिश्र वाक्य म्हणतात. त्यात एक प्रधान वाक्य असते आणि त्यावर अवलंबून असणारे एक किंवा अधिक गौणवाक्ये असतात. गौणवाक्य नामाचे काम करीत असेल तर ते नामवाक्य, विशेषणाचे काम करीत असेल तर विशेषणवाक्य, क्रियाविशेषणाचे काम करीत असेल तर क्रियाविशेषणवाक्य. आपल्या शाळेतून बाहेर पडलेल्या प्रत्येकाने ही व्याख्या कधी ना कधी पाठ केली आहे आणि बहुतेकांनी परीक्षेनंतर ती विसरूनही टाकली आहे. आमचे म्हणणे असे आहे की, हा धडा विसरण्याजोगा नाही. आपल्या मुलामुलींच्या दृष्टीने मराठीच्या पुस्तकातला हा फार मोलाचा धडा आहे. परंतु तो आज ज्या रीतीने शिकवला जातो, त्या रीतीने तो शिकवून न शिकवल्यासारखाच होतो. यात आम्ही भाषाशिक्षकही दोषी आहोत.

प्रचलित रीत एका वाक्यात सांगता येते : वाक्यात ‘की’ शोधा, ‘की’ नंतर जे येते ते नामवाक्य. स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शनात ही युक्ती हमखास सांगितली जाते. दौंडला राज्य राखीव पोलीस दलाचे केंद्र आहे. त्याच्या मैदानाकडे पाहत मोठी झालेली आपली कितीतरी मुले पोलीस भरतीची तयारी करतात आणि हीच युक्ती घेऊन परीक्षेला बसतात. चार पर्यायांतून एक निवडायचा असतो तेव्हा ती बऱ्याचदा चालतेही. म्हणूनच ती घातक आहे, कारण ती जेथे चालत नाही तेथे कळतही नाही.

ही वाक्ये पाहा. ‘आई म्हणाली की गाडी चुकली.’ येथे ‘गाडी चुकली’ हे नामवाक्य आहे. ‘इतका पाऊस पडला की घोडनदीला पूर आला.’ येथे ‘की’ आहे, पण नामवाक्य नाही. पाऊस किती पडला हे सांगणारी ती रचना आहे. ‘शाळा सुटली की आम्ही नदीवर जायचो.’ येथे तर ‘की’ नंतरचे वाक्यच प्रधान आहे आणि गौणवाक्य ‘की’ च्या आधी आले आहे. ‘तू दौंडला जाणार की शिरूरला?’ येथे ‘की’ फक्त दोन पर्याय समोर ठेवते. आपल्या व्याकरणकारांनी हे एकच अव्यय विकल्पबोधक, स्वरूपबोधक, उद्देशबोधक आणि संकेतबोधक अशा चार ठिकाणी नोंदवले आहे. चार घरी वावरणाऱ्या पाहुण्याला पाहून घराचा मालक कोण हे कसे ठरवणार?

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. ‘की’ नसतानाही नामवाक्य असते. ‘तो कधी येईल हे मला ठाऊक नाही.’ ‘विहिरीला पाणी लागले ही बातमी खरी निघाली.’ ‘उद्या येतो म्हणून सांगून गेला.’ या तिन्ही वाक्यांत नामवाक्य आहे, आणि केवळ ‘की’ शोधणारा विद्यार्थी ती तिन्ही सोडून देतो.

खरी कसोटी साधी आहे. जे नामवाक्य वाटते ते झाका आणि त्याच्या जागी ‘हे’ किंवा ‘असे’ ठेवून पाहा. ‘आई असे म्हणाली’ हे वाक्य उभे राहते. ‘हे मला ठाऊक नाही’ हेही उभे राहते. ‘इतका पाऊस पडला हे’ मात्र उभे राहत नाही. मग प्रधान वाक्याच्या क्रियापदाला ‘काय?’ असा प्रश्न विचारा. काय म्हणाली? काय ठाऊक नाही? उत्तरादाखल जे संपूर्ण वाक्य येते ते नामवाक्य. या कसोटीत पाठांतर काहीच नाही, विचार मात्र करावा लागतो.

हीच कसोटी आपल्यापासून फार लांबच्या एका भाषेच्या वर्गातही वापरली जाते, आणि तिचा आपल्याकडच्या भाषांशी जुना संबंध आहे. गोव्यात साष्टी भागात राहिलेले इंग्लिश जेझुइट धर्मोपदेशक थॉमस स्टीफन्स यांना मराठी वाचक १६१६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ख्रिस्तपुराणा’चे कर्ते म्हणून ओळखतात. त्यांनी तेथल्या लोकभाषेचे, म्हणजे कोकणीचे, व्याकरण पोर्तुगीज भाषेत लिहिले. ते त्यांच्या निधनानंतर १६४० साली राचोल येथे छापले गेले. आपल्या एका लोकभाषेचे व्याकरण छापील स्वरूपात प्रथम उभे राहिले ते पोर्तुगीज वाक्यांच्या आधाराने. दादोबा पांडुरंगांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ आले ते त्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी, १८३६ साली, आणि त्याच्या मांडणीवर इंग्रजी व्याकरणाची छाया होती.

पोर्तुगीज शिकणाऱ्यालाही नामवाक्य ओळखायला शिकावेच लागते. त्या भाषेत आपल्या ‘की’ सारखा ‘के’ हा शब्द आहे आणि तोही असाच अनेक घरी वावरतो. ‘सेइ के एले वें’ म्हणजे ‘तो येतो हे मला ठाऊक आहे’. येथे ‘के’ नामवाक्य आणतो. ‘उ लिव्रु के ली’ म्हणजे ‘जे पुस्तक मी वाचले ते’. येथे तोच ‘के’ विशेषणवाक्य आणतो. म्हणून तेथले शिक्षक मुलांना सांगतात की, उपवाक्याच्या जागी ‘इस्सु’, म्हणजे ‘हे’, ठेवून पाहा. वाक्य टिकले तर ते नामवाक्य. भाषा वेगळी, समुद्र वेगळा, कसोटी मात्र तीच.

पोर्तुगीजमधली आणखी एक गोष्ट आम्हांला फार बोलकी वाटते. ‘मला ठाऊक आहे की तो येतो’ असे म्हणताना नामवाक्यातले क्रियापद ‘वें’ असते. पण ‘मला शंका आहे की तो येतो’ असे म्हणायचे झाले तर ‘दुविदु के एले वेन्या’ असे म्हणावे लागते. क्रियापदाचे रूपच बदलते. प्रधान वाक्यात ज्ञान आहे की शंका, यावर गौणवाक्याचे रूप ठरते. बोलणारा शंका घेतो आहे ही गोष्ट शेवटच्या शब्दापर्यंत पोहोचते. मराठीतही याचा अंश आहे. ‘तो येतो असे वाटते’, ‘तो आला असावा असे वाटते’ आणि ‘तो यावा असे वाटते’ या तीन वाक्यांत अंदाज, तर्क आणि इच्छा वेगळ्या ओळखू येतात. मात्र ‘असे समजते’, ‘असे सिद्ध झाले’, ‘असा आरोप आहे’ यांच्या आधीचे नामवाक्य मराठीत बहुधा जसेच्या तसे राहते. ‘पैसे खाल्ले असे समजते’, ‘पैसे खाल्ले असा आरोप आहे’, ‘पैसे खाल्ले असे सिद्ध झाले.’ ‘पैसे खाल्ले’ तिन्हीकडे सारखेच. सगळा फरक प्रधान वाक्यात आहे. आणि वाचणाऱ्याच्या हातून नेमके तेच निसटते. म्हणून मराठी वाचकाला ही सवय अधिक जाणीवपूर्वक लावावी लागते.

आमच्या मते नामवाक्याच्या धड्याचे मर्म येथे आहे. नामवाक्य ओळखणे म्हणजे म्हणणे आणि म्हणणारा यांना वेगळे करणे. नामवाक्यात विधान असते. ते विधान कोणाचे आहे आणि त्याला आधार काय, हे प्रधान वाक्य सांगते. ज्याला ही फोड करता येते, त्याला कोणी दुसऱ्याचे म्हणणे सत्य म्हणून विकू शकत नाही.

आपल्या शाळेत ही गोष्ट परकी वाटण्याचे कारण नाही. मुले वंदना म्हणतात, सुत्तांची ओळख करून घेतात. सुत्तांची सुरुवात कशी होते हे त्यांना माहीत असते : ‘असे मी ऐकले आहे.’ परंपरा हे शब्द आनंदांच्या तोंडी घालते. पुढे कितीही थोर उपदेश येवो, त्याच्या आधी प्रधान वाक्य प्रामाणिकपणे सांगून ठेवते की, हे ऐकलेले आहे आणि ऐकणारा मी आहे. पाली भाषेत दुसऱ्याचे बोलणे संपले की ‘इति’ किंवा नुसते ‘ति’ येते. संस्कृतातला ‘इति’ तोच. आपल्या ‘असे’ आणि ‘म्हणून’ यांचे कामही तेच. ‘की’ मराठीत या कामासाठी फारसीच्या सहवासाने रुळला असे अनेक भाषाभ्यासक मानतात. परंतु बोलणे आधी सांगून मग त्याला ‘असे’ ची गाठ मारण्याची आपली रीत त्याहून जुनी आहे. बाबासाहेबांनी स्वतः पालीचे व्याकरण आणि शब्दकोश यांवर काम केले होते. महाराष्ट्र शासनाने त्यांच्या समग्र लेखनाच्या सोळाव्या खंडात ते १९९८ साली प्रसिद्ध केले. ज्या माणसाच्या अंगावर राज्यघटनेचे आणि धर्मांतराचे काम होते, त्याने व्याकरणासाठी वेळ काढला, ही गोष्ट व्याकरणाला क्षुल्लक म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवावी.

अंगुत्तर निकायातील केसपुत्तच्या कालामांना केलेला उपदेश आपल्याकडे वारंवार सांगितला जातो. केवळ कशाकशाच्या आधारावर एखादी गोष्ट मान्य करू नये, याची दहा कारणांची यादी तेथे आहे. त्या यादीत ऐकीव गोष्ट आहे, परंपरा आहे, आणि ‘इतिकिरा’ हा एक शब्द आहे. त्याचा अर्थ ‘असे म्हणे’, ‘असे म्हणतात’. म्हणजे ज्या ‘इति’ ने दुसऱ्याचे बोलणे बांधले जाते, त्याच ‘इति’ पासून अफवेसाठी शब्द तयार झाला आहे. यादीच्या अखेरीस ‘हा श्रमण आमचा गुरू आहे’ एवढ्याच कारणाने मान्य करू नका असे सांगितले आहे. मग काय करावे? या गोष्टी अकुशल आहेत, हानिकारक आहेत, असे तुम्ही स्वतः जाणाल तेव्हा त्या सोडा. कुशल आहेत असे जाणाल तेव्हा त्या स्वीकारा. व्याकरणाच्या दृष्टीने पाहिले तर येथे नामवाक्य बदललेले नाही, प्रधान वाक्याचे क्रियापद बदलले आहे. ‘ऐकतो’ च्या जागी ‘जाणतो’ आले आहे. सुज्ञांचे मतही विचारात घ्यावे असे तो उपदेश सांगतो. म्हणून सर्वांवर अविश्वास ठेवा, असा त्याचा अर्थ नाही. कोणाच्या शब्दाला किती वजन द्यायचे ते पारखून घ्या, एवढाच आहे.

बाबासाहेबांनी ही पारख बुद्धवचनालाही लावली. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्धा अँड हिज धम्मा’ या ग्रंथात, मौखिक परंपरेत बुद्धाच्या नावावर चुकीची वचने कशी येऊ शकतात याची चर्चा आहे आणि खरे वचन ओळखण्याच्या कसोट्याही दिल्या आहेत. ‘बुद्ध असे म्हणाले’ हे प्रधान वाक्य पाहून पुढचे सगळे डोळे मिटून स्वीकारायचे नाही, असा त्याचा अर्थ होतो.

बावीस प्रतिज्ञांचेच पाहा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे दिलेल्या या प्रतिज्ञा आपल्या मुलांना तोंडपाठ असतात. त्यांतील पाचव्या प्रतिज्ञेत बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे, या समजुतीचा स्पष्ट शब्दांत धिक्कार आहे. आता त्या प्रतिज्ञेतून प्रधान वाक्य काढून टाका आणि नुसते नामवाक्य उरू द्या. जे उरते ते बाबासाहेबांना अभिप्रेत असलेल्या अर्थाच्या नेमके उलट असते. नाकारण्यासाठी उच्चारलेले शब्द स्वीकारल्यासारखे दिसू लागतात. इतिहासात हे घडते, पुस्तकांत घडते, भाषणांत तर रोज घडते. लेखकाने खंडन करण्यासाठी मांडलेले प्रतिपक्षाचे मत उचलायचे आणि ते लेखकाचेच मत म्हणून पुढे करायचे. हा डाव फोडायला मोठी विद्वत्ता लागत नाही. ‘हे नामवाक्य आहे, याचे प्रधान वाक्य कोठे आहे ते दाखवा,’ एवढे विचारता आले तरी पुरते.

आपल्या परिसराला याची गरज इतरांपेक्षा जास्त आहे असे आम्ही समजतो. कोरेगाव भीमा हे गाव शिरूर तालुक्यातले. जवळच्या पेरणे हद्दीतील जयस्तंभाला बाबासाहेबांनी १ जानेवारी १९२७ रोजी भेट दिली, आणि आज दरवर्षी त्या दिवशी लाखो लोक तेथे येतात. २०१८ च्या १ जानेवारीला तेथे हिंसाचार झाला, त्या दिवसांत भ्रमणध्वनीवर काय काय फिरत होते ते आपण सर्वांनी पाहिले आहे. ‘असे कळते’, ‘असे पाहिलेल्यांनी सांगितले’, ‘खात्रीलायक वृत्त आहे की’. कोणाला कळले? कोणी पाहिले? खात्री कोणाची? पुढे राज्य सरकारने चौकशी आयोग नेमला, त्यापुढे शपथपत्रे आली, साक्षी झाल्या, आणि त्या वर्तमानपत्रांतून छापून येत राहिल्या. एका साक्षीदाराने अमुक सांगितले, एवढ्याचा अर्थ आयोगाने अमुक ठरवले असा होत नाही. ‘साक्षीदाराने सांगितले की’ आणि ‘आयोगाचा निष्कर्ष असा की’ ही दोन वेगळी प्रधान वाक्ये आहेत. हा भेद न कळल्याने दोन्ही बाजूंची माणसे भडकतात; आणि भडकण्याची किंमत कोणाच्या घराला मोजावी लागते, हे आपल्या समाजाला सांगायला नको.

वर्तमानपत्री आणि कार्यालयीन मराठीने यात आणखी एक अडचण वाढवली आहे. ‘गैरव्यवहार झाल्याचे समजते.’ ‘संबंधितांनी चूक केल्याचे म्हटले आहे.’ येथे नामवाक्य आखडून ‘झाल्याचे’, ‘केल्याचे’ एवढ्या एका शब्दात मावले आहे. व्याकरणाने पाहिले तर हे केवल वाक्य ठरते, म्हणून मिश्र वाक्याच्या स्वाध्यायात ते कधी येतच नाही. त्यातून प्रधान क्रियापदाचा कर्ताही नाहीसा झाला आहे. कोणाला समजते? कोणी म्हटले? अशा वाक्याची मुलांकडून उलटी फोड करून घ्यावी : ‘गैरव्यवहार झाला असे ... यांना समजते.’ मधली रिकामी जागा भरता येते का ते पाहावे. भरता येत नसेल तर त्या बातमीवर किती विसंबायचे हे मूल आपोआप ठरवते.

यावर एक आक्षेप येतो आणि तो आम्ही हलका मानत नाही. ‘आमची मुले ऊसतोड कामगारांची, रांजणगावच्या कारखान्यांत कंत्राटावर राबणाऱ्यांची, दौंडच्या रेल्वे वस्तीतली. त्यांना शुद्ध बोलताच येत नाही. त्यांच्यापुढे नामवाक्य आणि प्रधान वाक्य कशाला?’ काही पालकही असे म्हणतात, आणि दुःखाची गोष्ट अशी की, काही शिक्षकही म्हणतात. आमचा अनुभव याच्या उलट आहे. ही मुले घरी काय बोलतात ते ऐका. ‘उद्या येतो म्हनला.’ ‘पानी सुटनार न्हाई म्हनं.’ पहिल्या वाक्यात नामवाक्य आधी आहे, प्रधान क्रियापद शेवटी आहे आणि ‘की’ कोठेच नाही. दुसऱ्यातले ‘म्हनं’ ही तर एक विलक्षण गोष्ट आहे. त्या एका शब्दाने मूल सांगते की, हे माझे स्वतःचे नाही, ऐकलेले आहे, मी त्याची हमी देत नाही. पालीतल्या ‘इतिकिरा’ चे काम आमच्या आयाबाया ‘म्हनं’ या एका शब्दात करतात. ज्या मुलाच्या घरात हा शब्द आहे, त्याला नामवाक्य शिकवावे लागत नाही. ते त्याच्याजवळ आहेच, एवढेच दाखवून द्यावे लागते. आपण मात्र त्याच्या ‘म्हनं’ वर लाल रेघ मारतो, त्याला ‘की’ ची युक्ती पाठ करायला लावतो आणि मग म्हणतो, याला व्याकरण येत नाही. प्रमाण मराठी शिकवलीच पाहिजे, कारण आदेश आणि अर्ज त्याच भाषेत असतात. पण तिच्याकडे जाणारी वाट घरच्या बोलीतून जाते. ती वाट बंद करून नव्हे.

दुसरा आक्षेप असा की, वाक्यपृथक्करणाची ही सगळी पद्धत इंग्रजी व्याकरणावरून आलेली आहे. आलेली आहे, हे खरे. चौकट बाहेरून आली, परंतु चौकटीतली वस्तू आपली आहे. पाली सुत्तांत ती आहे आणि भीमाकाठच्या बोलीतही आहे.

या स्मरणिकेच्या निमित्ताने शाळेपुढे आणि आपल्या सर्वांपुढे आम्ही तीन गोष्टी ठेवू इच्छितो. पहिली, ‘की’ ची युक्ती वर्गातून निवृत्त करावी आणि तिच्या जागी ‘हे’ ठेवून पाहण्याची कसोटी व ‘काय?’ हा प्रश्न आणावा. परीक्षेतले गुणही त्याने कमी होणार नाहीत, उलट फसव्या पर्यायांतून मूल वाचेल. दुसरी, धडा घरच्या वाक्यांपासून सुरू करावा. दौंड जंक्शनच्या फलाटावर ‘गाडी चार तास लेट आहे म्हनं’ असे कोणी म्हणाले, तर चौकशीच्या खिडकीकडे जायचे की घरी परत फिरायचे, हा प्रश्न आमच्या कोणत्याही विद्यार्थ्याला कळतो. व्याकरण तेथून सुरू व्हावे. तिसरी, वसतिगृहात आठवड्यातून एक संध्याकाळ, वंदनेनंतर, एक बातमी किंवा एक कार्यालयीन कागद सर्वांनी मिळून वाचावा. मुलांनी नामवाक्यांना कंस करावा आणि प्रधान वाक्याखाली रेघ ओढावी. ज्याच्या त्याच्या म्हणण्याला त्याचे त्याचे नाव लागले की वाचन पूर्ण झाले असे समजावे.

यासाठी माजी विद्यार्थ्यांकडून आमची एकच अपेक्षा आहे. देणग्या तुम्ही देतच आला आहात. आता तुमच्या घरातले जुने आदेश, नोटिसा, परिपत्रके, नावे आणि गट क्रमांक खोडून, त्यांच्या प्रती शाळेला द्या. तुमच्यापैकी कित्येकांच्या वडिलांनी असे कागद आयुष्यभर पत्र्याच्या पेटीत जपले. ते वाचून सांगणाऱ्याच्या दारात तासन् तास बसून राहिले. ते कागद आता वर्गातली पाठ्यपुस्तके होऊ द्या.

त्या पालकांची मुलगी तेव्हा आठवीत होती. तिसरे पान वाचून झाल्यावर आम्ही तिला बोलावले आणि दुसऱ्या पानावरची ती ओळ तिच्यापुढे ठेवली. ‘हे कोण म्हणतंय?’ असे विचारले. तिने ओळ दोनदा वाचली, ‘सामनेवाले’ या शब्दावर बोट ठेवले आणि वडिलांकडे वळून म्हणाली, ‘पप्पा, हे त्यांचं म्हणणं आहे. साहेबांचं नाही.’ वडिलांनी कागदाची घडी घातली, आणि मग पिशवीतून खाऊ बाहेर आला.